मनाचे शास्त्र व दोन भाषांचा विद्यार्थी

(मठाच्या वार्षिकोत्सवात अळणावर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मठाच्या अंगणात मनाविषयी बोलणे हे काही नवे नाही. जेथे एका प्रहरी कन्नड वचने गायिली जातात व दुसऱ्या प्रहरी मराठी अभंगांस टाळांची साथ मिळते, तेथे मनाचे हट्ट, त्याची लबाडी व त्याचे शरण जाणे ह्यांवाचून दुसरा विषयच नसतो, असे म्हटले तरी चालेल. समर्थांनी मनास उद्देशून दोनशे पाच श्लोक रचिले. बाराव्या शतकातील शिवशरणांनी मनाचा हिशेब रोजच्या बोलीत मांडिला. पतंजलींनी त्याच्याही फार पूर्वी चित्ताच्या वृत्तींची गणती करून ठेविली होती. नवे आहे ते इतकेच की, अळणावरसारख्या गावातील मुले-मुली बारावीनंतर ह्याच मनाचा अभ्यास विद्यापीठाच्या पदवीसाठी करू म्हणतात, आणि त्या इच्छेने घरात थोडी खळबळ उडते.

ही खळबळ तीन प्रश्नांची असते. वडील विचारतात, ह्यावर पोट भरेल काय? आई विचारते, वेड्यांत वावरून पोरीच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना? आणि तिसरा प्रश्न मठात नित्य येणाऱ्या आजोबांचा असतो: मनाचे शास्त्र शिकल्यावर देवावरची श्रद्धा टिकेल काय? तिन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. त्यांस हसण्याचे कारण नाही. परंतु त्यांची उत्तरे द्यावयाची तर हा अभ्यास म्हणजे प्रत्यक्षात काय, हे आधी पाहिले पाहिजे. बहुतेक घरांत उत्तर आधी ठरते व अभ्यासाची चौकशी मागाहून होते.

आईच्या भयाचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. अळणावराहून धारवाड सुमारे पस्तीस किलोमीटर. आणि धारवाडात १८४५ सालापासून मनोरुग्णांचे रुग्णालय आहे. मुंबई इलाख्याच्या काळात त्यास सरळ 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणत. आज तीच संस्था 'डिमहान्स' ह्या नावाने मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञानाची शिक्षणसंस्था म्हणून ओळखली जाते. परंतु गावोगावी थट्टेत व भांडणात 'ह्यास धारवाडला पाठवा' असे म्हटले की त्याचा अर्थ अजूनही सर्वांस कळतो. त्यामुळे मानसशास्त्र म्हणजे धारवाडचे ते आवार, अशी समजूत झाली तर नवल नाही. वस्तुतः पदवीच्या अभ्यासात मनोविकारांचा भाग हा एक भाग आहे, आणि तोही बहुधा शेवटी येतो. आरंभ होतो तो धडधाकट, शहाण्यासुरत्या माणसापासून: तो पाहतो कसा, ऐकतो कसा, लक्षात ठेवतो कसे व विसरतो का.

ह्या शास्त्राचे वय फार नाही. १८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट ह्यांनी प्रयोगशाळा स्थापिली, तेव्हापासून त्याची स्वतंत्र गणना होऊ लागली. त्यापूर्वी मन हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातील एक धडा असे. भारतात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त ह्यांच्या नेतृत्वाखाली ह्या विषयाचा विभाग उभा राहिला. १९२४ साली म्हैसुरास डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी दुसरा महत्त्वाचा विभाग सुरू केला. हे गोपालस्वामी लंडनास स्पिअरमन ह्यांच्याकडे शिकले होते. आणि हेच ते गृहस्थ, ज्यांनी १९३५ साली म्हैसुरास खाजगी नभोवाणी केंद्र काढून त्यास 'आकाशवाणी' हे नाव दिले. देशभर रूढ झालेला तो शब्द एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाच्या घरातून बाहेर पडला, ही गोष्ट रेडिओ ऐकणाऱ्या पिढीतही फारच थोड्यांस ठाऊक होती. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. व्ही. के. कोठुरकर ह्यांच्याकडे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग आला. धारवाडचे कर्नाटक कॉलेज १९१७ चे; ते पुष्कळ वर्षे मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. पुढे कर्नाटक विद्यापीठ झाले व १९५० पासून धारवाड हेच विद्यापीठाचे गाव झाले. आज तेथे मानसशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे, आणि संलग्न महाविद्यालयांत पदवीसाठी हा विषय घेता येतो. पदवी तीन वर्षांची. मधल्या काळात, २०२१ पासून, चार वर्षांची रचना आली होती. २०२४-२५ पासून कर्नाटक शासनाने पुन्हा तीन वर्षांचाच क्रम ठेविला.

आता वर्गात काय घडते ते पाहावे. पहिल्या वर्षास विद्यार्थी आला की त्याची बहुधा निराशा होते. त्यास वाटत असते, समोरच्याच्या मनातले ओळखावयास शिकवितील. शिकविले जाते ते निराळेच. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या लावितात; एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करावयाचा तो. मेजावर आरसा उभा करतात. कागदावर दुहेरी रेषेची चांदणी छापिलेली असते. विद्यार्थ्याच्या हातावर आड पडदा येतो, म्हणजे हात व कागद त्यास प्रत्यक्ष दिसत नाहीत, केवळ आरशात दिसतात. आता त्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवून चांदणी पुरी करावयाची. सोपे दिसते, पण पेन्सिल वर न्यावयाची म्हटली की खाली जाते, कोपऱ्याशी आली की अडून बसते, आणि शहाणा मनुष्य पाच वर्षांच्या मुलाप्रमाणे घामाघूम होतो. शेजारचा विद्यार्थी घड्याळ लावून वेळ व चुका टिपीत असतो. दुसऱ्या खेपेस चुका कमी होतात, पाचव्या खेपेस आणखी कमी. मग त्यास सांगतात, आता डाव्या हाताने काढ. आणि आश्चर्य असे की, उजव्या हाताने केलेल्या सरावाचा लाभ डाव्या हातासही झालेला आढळतो. हात दोन, शिकणारा एक.

दुसरा प्रयोग म्यूलर-लायर ह्यांच्या १८८९ सालच्या आकृतीचा. समान लांबीच्या दोन रेषा. एकीच्या टोकांस बाण आत वळलेले, दुसरीच्या टोकांस बाहेर. दुसरी रेषा लांब दिसते. पट्टीने मोजून दोन्ही सारख्या आहेत अशी खात्री करून घेतली, तरीही ती लांबच दिसते. वेदान्ताचे प्रवचन ऐकणाऱ्यास येथे दोरी व साप आठवेल. पण दोरीवरचा साप दिवा आणताच नाहीसा होतो. ही रेषा मात्र ज्ञान झाल्यावरही आपला हेका सोडीत नाही. वेदान्ती आचार्यांनी ह्या दुसऱ्या जातीच्या भ्रमास निराळे नाव ठेविले आहे. त्यास ते सोपाधिक भ्रम म्हणतात, आणि मृगजळाचा दृष्टान्त देतात: पाणी नाही हे कळले तरी पाणी दिसतच राहते. ज्या विद्यार्थ्याच्या कानावर लहानपणी मठात हा दृष्टान्त पडला असेल, त्यास प्रयोगशाळेतील ही आकृती परकी वाटणार नाही. फरक इतकाच की, प्रयोगशाळेत भ्रम किती मिलिमीटरांचा, हे मोजून वहीत लिहावे लागते, पुष्कळ जणांच्या मोजण्यांची सरासरी काढावी लागते, आणि त्या सरासरीपासून प्रत्येक जण किती दूर गेला ह्याचाही हिशेब मांडावा लागतो. म्हणून ह्या अभ्यासात संख्याशास्त्र आहे. गणित टाळण्यासाठी कला शाखेत आलेले अनेक विद्यार्थी येथे ठेचाळतात. घरच्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी.

तिसरा प्रयोग अळणावरच्या विद्यार्थ्यासाठीच जणू केलेला आहे. १९३५ साली स्ट्रूप नावाच्या अमेरिकन संशोधकाने रंगांची नावे भलत्याच रंगांच्या शाईने छापून लोकांपुढे ठेविली. 'तांबडा' हा शब्द हिरव्या शाईत. आणि प्रश्न असा की, शब्द वाचू नका, शाईचा रंग सांगा. जीभ अडखळते. डोळा शब्द वाचल्यावाचून राहत नाही. आता हाच शब्द कन्नड लिपीत 'केंपु' असा छापिला आणि रंगाचे नाव मराठीत सांगावयास लाविले तर? दोन भाषा वाचणाऱ्यांवर असे प्रयोग अनेक देशांत झाले आहेत. अडखळणे तेथेही राहते. बहुधा थोडे कमी होते. म्हणजे एक भाषा बोलत असता दुसरी झोपी गेलेली नसते, शेजारच्या खोलीत जागी असते. ज्याने सकाळी घरी मराठी, दुपारी शाळेत कन्नड व संध्याकाळी बाजारात दोन्हींची मिसळ, शिवाय उर्दू व कोंकणी ऐकिली, त्यास हा निष्कर्ष सांगावा लागत नाही. पण सिद्ध करून दाखवावा लागतो, आणि तेच शिक्षण.

ह्या दोन भाषांच्या प्रश्नापाशी थोडे अधिक थांबणे इष्ट आहे. धारवाडी कन्नडात घरास 'मनी' म्हणतात. मराठीत 'मनी' म्हणजे मनात. 'तंगी' म्हणजे कन्नडात धाकटी बहीण. मराठीत 'तंगी' म्हणजे पैशाची ओढाताण. समजा, एखाद्या परीक्षकाने अळणावरच्या मुलास विचारिले, 'तंगी म्हणजे काय?' आणि मुलाने उत्तर दिले, 'माझी आहे एक, ती बालवाडीत जाते.' ज्या परीक्षकास एकच भाषा येते तो उत्तर चूक म्हणून लिहील. अंकांचेही तसेच. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी व वीस मागाहून. कन्नडात 'इप्पत्तैदु' म्हणताना वीस आधी व पाच नंतर. मराठी शाळेत घातलेल्या कन्नडभाषी मुलाने 'पंचवीस' ऐकून बावन्न लिहिले, तर त्याची बुद्धि उणी आहे की त्याचे कान दुसऱ्या क्रमास सरावलेले आहेत? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर त्या मुलाची पुढची दहा वर्षे ठरतात.

बुद्धिमापनाचा इतिहास ह्याच अडचणीपाशी सुरू होतो. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमिली. शाळेत मागे पडणारी मुले कोणती व त्यांस विशेष साहाय्य कसे द्यावे, हा प्रश्न होता. त्यातून आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ ह्यांनी १९०५ साली पहिली श्रेणी तयार केली: लहान लहान प्रश्न, सोप्यापासून कठीणापर्यंत मांडलेले. अमुक वयाची बहुतेक मुले अमुक प्रश्न सोडवितात, ह्यावरून मुलाचे 'मानसिक वय' ठरवावयाचे. पुढे त्याचा जन्मवयाशी भागाकार करून शंभराने गुणण्याची रीत पडली, तोच बुद्ध्यंक. स्वतः बिने ह्यांस बुद्धि ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे हे मत मान्य नव्हते. १९११ साली ते वारले, आणि त्यांच्यामागे त्यांच्या श्रेणीचा उपयोग नेमका त्या मताच्या प्रचारासाठी पुष्कळांनी केला.

ही श्रेणी भारतात आणावयाची तर केवळ भाषांतर पुरेसे नव्हते. लाहोर येथे राइस ह्यांनी १९२२ साली हिंदुस्तानी भाषेत प्रयत्न केला. परंतु येथील श्रोत्यांच्या दृष्टीने अधिक जवळचे नाव डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांचे आहे. १९३४ साली ब्रिटनमधील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला; त्याच्या मथळ्यातच कन्नड व मराठी बोलणारी मुले असा स्पष्ट उल्लेख होता. त्यांनी तयार केलेली श्रेणी 'मुंबई-कर्नाटक आवृत्ती' म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि १९४० साली त्यांचे पुस्तक निघाले. धारवाड, बेळगाव, विजापूर व कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात होते. ज्या मुलखाच्या नावाने ही श्रेणी ओळखली गेली, तो हाच मुलूख. दोन्ही भाषांतील मुलांस प्रश्न विचारून, कोणता प्रश्न कोणत्या वयास योग्य हे पुन्हा तपासून, फ्रान्स-अमेरिकेतील सामग्री येथल्या अंगणात बसविण्याचे ते काम होते. भाषा दोन, म्हणून कामही दुप्पट. एकाच भाषेत उरकून दुसरीवर लादण्याचा सोपा मार्ग कामतांनी स्वीकारिला नाही, हीच त्या कामाची थोरवी.

आज 'बिने-कामत' चाचणी ह्या नावाने ती देशाच्या अनेक भागांत वापरली जाते. मुलाच्या बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देतानाही तिचा आधार घेतला जातो. परंतु एवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. चाचणीचे मानदंड काळाबरोबर जुने होतात. जगात ठिकठिकाणी असे आढळले आहे की, पुढच्या पिढ्यांची मुले जुन्या मानदंडांवर अधिक गुण मिळवितात, म्हणजे जुन्या मापाने अंक फुगलेला दिसतो. ज्या मुलास खरोखर साहाय्य हवे ते अशा फुगलेल्या अंकामुळे साहाय्यावाचून राहू शकते. उलट, परक्या भाषेत प्रश्न विचारिला गेला तर चलाख मूल मंद ठरते. दोन्ही प्रकारचा अन्याय मुकाट्याने होतो. घरच्यांस तर काही कळतच नाही.

दोन भाषा बोलणारी मुले बुद्धीने मागे राहतात, असा एक समज शास्त्राच्या नावाने पुष्कळ वर्षे चालू होता. १९२३ साली वेल्समध्ये साएर ह्यांनी वेल्श व इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची परीक्षा घेऊन तसा निष्कर्ष काढिला. त्या काळच्या अशा तुलनांत मुलांच्या घरची परिस्थिति, गाव-शहर हा भेद व परीक्षेची भाषा ह्यांचा पुरेसा विचार होत नसे. १९६२ साली माँट्रियल येथे पील व लॅम्बर्ट ह्यांनी फ्रेंच शाळांतील दहा वर्षांची मुले घेऊन, घरची परिस्थिति सारखी राखून, तुलना केली. तेव्हा दोन्ही भाषा उत्तम येणारी मुलेच सरस ठरली. भारतात अजित मोहंती ह्यांनी ओडिशातील कंध मुलांचा अभ्यास केला. कुई व ओडिया अशा दोन्ही भाषा बोलणारी मुले केवळ ओडिया बोलणाऱ्या कंध मुलांहून बुद्धीच्या व भाषेच्या जाणिवेच्या चाचण्यांत मागे तर नव्हतीच, पुढे होती. शास्त्राने स्वतःचीच चूक चाळीस वर्षांनी सुधारली. पोथीनिष्ठ म्हणून धार्मिक लोकांस नावे ठेवणाऱ्यांनी हे चाळीस वर्षांचे अंतरही ध्यानात ठेवावे.

असो. अळणावरच्या मुलीने हा विषय घ्यावा की नाही, ह्याचा विचार करताना तिची मराठी-कन्नड ही उणीव समजून चालणे म्हणजे साएर ह्यांच्याच मार्गाने जाणे होय. मात्र अडचणी खऱ्या आहेत व त्या लपविण्यात अर्थ नाही. धारवाडात अध्यापन इंग्रजीत वा कन्नडात होते. मराठीत ह्या विषयाची पाठ्यपुस्तके आहेत, विश्वकोशात नोंदी आहेत. परंतु ती पुस्तके महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या अभ्यासक्रमास अनुसरून लिहिलेली असतात. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थिनीस 'अवधान', 'संवेदन', 'प्रेरणा' हे शब्द ओळखीचे वाटतील. कन्नडात 'गमन' म्हणजे लक्ष, आणि मराठीत 'गमन' म्हणजे जाणे, हे कळेपर्यंत एखादा महिना गोंधळात जाईल. पहिले वर्ष तिहेरी कोश हातात घेऊन काढावे लागते. ज्यांनी ते काढिले त्यांस पुढे एकाच कल्पनेची तीन नावे ठाऊक असतात, आणि एका नावात न मावणारा अर्थ दुसऱ्यात सापडतो.

आता आजोबांचा प्रश्न. श्रद्धा टिकेल काय? ह्या शास्त्राच्या इतिहासात श्रद्धेची टर उडविणारे होऊन गेले, आणि मन ही वस्तूच नाही, केवळ वर्तन आहे, असे म्हणणारेही झाले. १९१३ साली वॉटसन ह्यांनी तसा झेंडा उभारिला होता. पण त्याच शास्त्राचे एक आद्य आचार्य विल्यम जेम्स ह्यांनी १९०१ व १९०२ साली एडिंबरोस साधुसंतांच्या अनुभवांवर व्याख्यानमाला दिली, आणि त्या अनुभवांस रोग ठरवून मोकळे होणाऱ्यांस खडसाविले. जमखंडीत जन्मलेले गुरुदेव रा. द. रानडे ह्यांनी १९३३ साली महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावर ग्रंथ प्रसिद्ध केला, व कन्नड संतांच्या परमार्थमार्गावरही तितक्याच आस्थेने लिहिले. नाम घेणारा साधक आणि पुरावा मागणारा प्राध्यापक त्यांच्या ठायी एकत्र नांदले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम यंत्रांनी मोजण्यास आरंभ केला. मोजल्याने प्राणायामाचे काही गेले नाही. तेव्हा आजोबांस एवढेच सांगता येईल की, मानसशास्त्र देव आहे वा नाही ह्याविषयी निकाल देत नाही. भजनात बसलेल्या माणसाचे श्वास, स्मृति व भावना ह्यांत काय घडते एवढेच ते विचारिते. नातवाची श्रद्धा डळमळली तर कारण बहुधा दुसरे असेल. वसतिगृहातील सोबतही असू शकेल.

परंतु एका ठिकाणी मठ आणि हे शास्त्र ह्यांची गाठ पडते, आणि ते ठिकाण नाजूक आहे. देवस्थानांत, मठांत, दर्ग्यांत मनोरुग्ण आणिले जातात. कोणी म्हणतो लागीर झाले, कोणी म्हणतो करणी केली. घरचे लोक थकलेले असतात. देवाच्या दारी निदान कोणी हाकलून देत नाही. हा आधार खरा आहे, त्यास अंधश्रद्धा म्हणून धुडकावणे हे निर्दयपणाचे होईल. तथापि, तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खाजगी आश्रयगृहास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. त्यांस तेथे आणणारे लोकही भाविकच होते. त्यानंतर काही ठिकाणी शहाणी वाट निघाली. गुजरातेत मीरा दातार दर्ग्याच्या आवारातच २००८ पासून डॉक्टर बसू लागले. मुजावर दुवा देतो आणि रुग्णास औषधासाठी डॉक्टरांकडे धाडतो. ह्या उपक्रमाचे नावच 'दवा-दुवा' असे पडले. श्रद्धा सोडा, मग औषध मिळेल, अशी अट कोणी घातली नाही, म्हणून लोक आले.

मानसशास्त्राची पदवी घेतलेला गावचा मुलगा अशा ठिकाणी उपयोगी पडतो, तो वैद्य म्हणून नव्हे. येथे स्पष्ट बोलणे अवश्य आहे. बी.ए. झालेला पदवीधर औषध देऊ शकत नाही. त्याने रोगाचे निदानही करू नये. औषध देणारा मनोविकारतज्ज्ञ हा आधी वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. रुग्णालयात उपचार करणारा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे तर पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण, मग भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले विशेष शिक्षण, आणि १९९२ च्या कायद्यान्वये त्या परिषदेकडे नोंदणी, एवढा मार्ग चालावा लागतो. भिंतीवर केवळ पदवीचा कागद लावून 'समुपदेशक' म्हणून पाटी ठोकणारे लोक शहरांत वाढले आहेत. त्यांच्यापासून रुग्णाचे व शास्त्राचे दोघांचेही नुकसान होते. तथापि, तीन वर्षे नीट अभ्यासिलेला पदवीधर एक गोष्ट ओळखू शकतो: समोरच्या माणसाच्या बोलण्यात, झोपेत, खाण्यात झालेला फरक हा नुसता हट्ट वा आळस नव्हे, ह्यास धारवाडला दाखविले पाहिजे. आणि ते तो घरच्या माणसांस त्यांच्याच भाषेत, त्यांच्या देवास न दुखविता सांगू शकतो.

वडिलांच्या प्रश्नास ह्यातच बरेचसे उत्तर आले. तीन वर्षांनी लगेच पोट भरेल असे वचन देता येत नाही. पदवीनंतर शिक्षणशास्त्र, समाजकार्य, विशेष मुलांचे शिक्षण, कारखान्यांतील कामगार व मनुष्यबळ विभाग, शासकीय सेवेच्या परीक्षा असे मार्ग मोकळे असतात. ह्यांपैकी बहुतेकांस पुढे आणखी दोन वर्षांचे शिक्षण लागते. म्हणजे हिशेब पाच वर्षांचा धरावा, तीनांचा नव्हे. तेवढा धीर घरात नसेल तर मुलाने दुसरा विषय घेतलेला बरा; अर्ध्यावर सोडलेल्या शिक्षणाचा भार पुढे घरावरच पडतो. जेथे धीर आहे पण द्रव्य नाही, तेथे ह्या भागातील मठांनी चालविलेल्या प्रसादनिलयांची परंपरा आठवावी. धारवाडच्या मुरुघामठासारख्या ठिकाणी राहून-जेवून कित्येक पिढ्यांनी पदव्या घेतल्या. त्या काळी त्या मुलांच्या घरीही 'ह्या शिक्षणाचा उपयोग काय' असेच विचारले जात असावे.

धारवाडपर्यंत जाणे ज्यांस तूर्त जमत नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनीची सेवा सुरू केली आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, विनामूल्य, वीस भाषांत. बंगळूरच्या निमहान्स संस्थेचे तिला मार्गदर्शन आहे. रुग्णाने स्वतःच बोलिले पाहिजे असे नाही, घरच्या कोणीही विचारिले तरी चालते; आणि क्रमांक फिरविल्यावर आरंभीच बोलणाऱ्यास आपली भाषा निवडावयास सांगितले जाते. कन्नडही आहे, मराठीही आहे.